गाडीतलं बिऱ्हाड

मु. खारवेळ,
सखुबाईंच्या आवारात
१६ फेब्रुवारी २०२५

श्री. त्र्यंबकराव यांस नाथाचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. पोचल्या दिवशीच लिहीन म्हणालेलो आणि आज तेरावा दिवस. तीन वेळा लिहायला बसलो, तिन्ही वेळा वाऱ्याने कागद नेला. एक तर, ज्यांच्या आवारात आम्ही उतरलोय त्या सखुबाईंच्या म्हशीने खाल्ला. आता मांडीवर पाट घेऊन, कागदावर दोन शंख ठेवून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर वाऱ्याला बोल लावा. तसा मी सहावी नापास, त्यामुळे थोडा बोल मलाही.

कारखान्यातल्या प्रेसने तुमचे कान खाल्ले, म्हणून फोनचा उपयोग नाही. मोबाईलवर लिहायचं तर पोरांकडून लिहून घ्यावं लागेल, आणि लिहायचंय पोरांबद्दलच. मशीनच्या आवाजात आपण पत्र्यावर खडूने लिहून बोलायचो, तसंच हे समजा.

मी कशाला आलोय ते तुम्ही जाणता. माझी नात प्राप्ती आणि तुमचा नातू साकेत यांना लग्न करायचंय. तिचा बाप गेल्यापासून तिचं बरंवाईट माझ्या माथ्यावर. ती म्हणते, "आजा, तू हो म्हटल्याशिवाय मी करणार नाही." मी म्हटलं, मुलगा राहतो कसा ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. लग्नाआधी दोघं एका गाडीत राहणार, हे तर मला अजिबातच पटेना. म्हणून मी स्वतः गाडीत झोपतो, प्राप्ती वरच्या फळीवर झोपते आणि तुमचा नातू बाहेर तंबूत. व्यवस्था मीच लावली, आणि आता मीच पस्तावतोय.

गाडी म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा काढून आत घर केलंय. ओटा आहे, शेगडी आहे, आणि शेगडीपासून दोन हातांवर संडास आहे. दोन हात, त्र्यंबकराव. मी मोजले. मध्ये फक्त पडदा, त्यावर पिवळी फुलं, जणू फुलांनी वास अडतो. एक जण आत बसलेला असताना दुसरा इकडे पोहे परततो आणि विचारतो, "लिंबू पिळू का?" संडासाखाली एक पेटी असते. ती भरली की तुमचा नातू ती हातात धरून, शीळ घालत, भर आवारातून नेतो आणि सखुबाईंच्या संडासात रिकामी करतो. मग माझ्यासाठी चहा. हात धुतो, नाही म्हणत नाही, पण किती धुणार? मी तीन दिवस चहा गपचूप वाळूत ओतला. पाण्याची टाकी लहान, म्हणून ताटं धुवत नाहीत, कागदाने पुसतात. पुसलेल्या ताटाला बोट लावून बघा, कालची आमटी बोटाला लागते.

दुपारी बारानंतर इथे जो वारा सुटतो तो दिवे लागेपर्यंत. त्या वाऱ्यासाठीच ही माणसं येतात. ताडपत्रीएवढा पतंग, चार लांब दोऱ्या, कमरेला पट्टा, पायाखाली फळी. वारा ओढतो आणि माणूस पाण्यावरून पळत जातो. प्राप्ती हा खेळ शिकवते. साकेत आधी तिचा विद्यार्थी होता. सकाळी तो लॅपटॉपवर कंपनीचं काम करतो आणि दुपारी पाण्यात. त्यांचे रबरी कपडे वाळायला माझ्या उशाशी लोंबतात. मेलेल्या उंदराचा वास. मी बोललो तर म्हणतो, "आजोबा, तो समुद्राचा वास आहे." मी म्हटलं, "चेंदणीच्या कोळ्याला समुद्राचा वास शिकवू नकोस."

शेजारच्या गाडीत एक परदेशी जोडपं आहे. त्यांचा कुत्रा त्यांच्याच ताटात जेवतो. ताटाजवळ नव्हे, ताटात. भातात वाळू, डोळ्यांत वाळू, कवळीखाली वाळू. रात्रभर गाडी हलते आणि मला वाटतं कोणीतरी ढकलतंय.

पण खरी काळजी वेगळीच आहे, ती तुम्हालाच सांगतो. सखुबाई आम्हाला जेवण देतात. परवा त्यांनी ताजी सुरमई तळली. प्राप्तीने ताट दूर सारलं. आदल्या दिवशी बांगड्याचंही तसंच. ही पोरगी लहानपणी काट्यासकट बोंबील खायची! माझ्या मनात नको ते आलं. बाईमाणसाला माशाचा वास नकोसा कधी होतो, ते मी काय सांगू. लग्नाआधी तसं काही झालं असेल तर मी कोळीवाड्यात तोंड कुठे लपवू? तिला विचारायची छाती नाही. तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा.

तुमचा
नाथा

—

डोंबिवली पूर्व
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय नाथा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं. संडासाच्या वर्णनानंतर मला दुपारचं जेवण गेलं नाही, हे खरं सांगतो. साकेत लहानपणी दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावत नसे. तो पेटी हातात धरून शीळ घालतो, हे वाचून मी थक्क झालो.

आधी तुझी काळजी दूर करतो. मनात जे आलंय ते ताबडतोब काढून टाक. प्राप्तीला काहीही झालेलं नाही. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं, पण तू निघायच्या गडबडीत होतास. देवयानी, म्हणजे साकेतची आई, मागच्या महिन्यात प्राप्तीशी फोनवर बोलली. आमच्या घरात मासे-मटण होत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. तेव्हा लग्नानंतर तिने ते सोडावं, घरात आणि घराबाहेरही, एवढीच आमची अपेक्षा आहे. प्राप्तीने एका शब्दात हो म्हटलं. देवयानी तर भारावून गेली. म्हणाली, "बाबा, हल्लीच्या मुलींत इतका समजूतदारपणा मी पाहिला नव्हता." बहुधा आतापासूनच ती सवय लावून घेते आहे. तुला उगाच भलती शंका आली.

साखरपुड्याचं म्हणशील, तर आम्हाला वाटतं की तो इकडेच एखाद्या लहान हॉलमध्ये करावा. कोळीवाड्यातल्या गल्लीत गाड्या लावायला जागा नाही, शिवाय तुला या वयात धावपळ नको. जेवणाचं आम्ही बघू. तू फक्त तुझी माणसं घेऊन ये.

मुलगा कसा वाटला, हे तू लिहिलंच नाहीस. गाडीचं लिहिलंस, कुत्र्याचं लिहिलंस. आमच्याकडे सगळे तुझ्या होकाराची वाट पाहत आहेत. मुहूर्त काढायचा आहे. प्रकृतीला जप. उन्हात टोपी घाल.

तुझा
त्र्यंबक

—

खारवेळ
८ मार्च २०२५

त्र्यंबकराव यांस नमस्कार.

तुमचं पत्र सखुबाईंच्या हातातून घेतलं आणि ओसरीवरच वाचलं. माझी शंका भलती होती, कबूल. पण तुमचं उत्तर त्याहून भलतं निघालं.

प्राप्ती गाडीमागे दोऱ्या धूत होती. मी जाऊन विचारलं.

"काय गं, त्या दिवशी सुरमई का परत केलीस?"

"पोट भरलेलं, आजा."

"आणि बांगडा?"

"रोज काय पोट रिकामंच असतं का माझं?"

"देवयानीबाईंनी सांगितलं म्हणून ना?"

तिच्या हातातली दोरी थांबली. "तुला कोणी सांगितलं?"

"पत्र आलंय."

"म्हणजे तुम्ही दोघं म्हातारे पत्रात हेच लिहिता? मला वाटलं गुडघ्यांबद्दल लिहीत असाल." मग हसली, पण माझ्याकडे बघून नाही. "अरे टेन्शन नको घेऊ. मासाच सोडायचाय ना, समुद्र थोडीच सोडायचाय?"

"साकेत काय म्हणतो?"

"त्याचं काय मध्ये?" म्हणाली आणि पुन्हा दोरी धुवायला लागली. ती दोरी धुऊन कधीच झाली होती.

तिची आजी चेंदणीच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. त्या टोपलीवर हिचा बाप शिकला, आणि बापामागे हीसुद्धा. ती टोपली तुम्हाला चालली असती का, की तिच्यावरही तुम्ही एखादं फडकं टाकलं असतं? घरात करू नको म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं. ज्याचं त्याचं घर. पण घराबाहेरही नको? म्हणजे माझ्या घरी आली तरी नको? माझ्या ओट्यावर बसून ती वरणभात खाणार आणि मी तिच्याकडे पाठ करून मासा खाणार?

आणि हॉलचं. आमच्या गल्लीत गाड्या मावत नाहीत म्हणता. गल्लीत मावत नसतील तर त्या स्टेशनजवळ लावता येतात. तुमची अडचण गाड्यांची नाही.

मुलगा कसा वाटला विचारलंत, तर ऐका. मला त्याची किळस येते. सखुबाई मासे तळायला लागल्या की तो काही न बोलता उठतो आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, माडाखाली जाऊन बसतो. जेवणं झाली की परत येतो आणि ताटं कागदाने पुसतो. मला वाटायचं, पोरगा लाजाळू आहे. आता कळलं. हे सगळं त्याच्याच डोक्यातलं असणार. तोंडावर "आजोबा, आजोबा" करायचं आणि मागून आईकरवी पोरीच्या ताटातला घास काढायचा. स्वतःच्या संडासाची पेटी मिरवत न्यायला लाज नाही, आणि आमच्या माशाचा वास नको!

काल वाऱ्याने तंबू उडाला. त्याचं सगळं अंथरूण चिखलात. मी त्याला गाडीत घेतलं नाही. पायरीवर बसून राहिला बिचारा. बिचारा लिहिलंय ते खोडा.

मुहूर्त काढू नका. माझा नकार समजा. प्राप्तीला अजून बोललो नाही, कसं बोलायचं ते कळत नाही. झोप येत नाही, आणि आली तर गाडी हलते.

नाथा

—

डोंबिवली पूर्व
१८ मार्च २०२५

प्रिय नाथा,

तुझं पत्र वाचून मनाला फार लागलं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण रागात लिहिलेलं मागे घेता येत नाही. पण आता लिहितो.

साकेत तसा मुलगा नाही. त्याला याबद्दल कुणी काही सांगितलेलंच नाही. आणि देवयानीलाही दोष देऊ नकोस. तिला हे सुचवलं मी. होय, मीच. पुढे रोजच्या रोज कुणाची कुचंबणा नको, म्हणून आधीच स्पष्ट झालेलं बरं, असा माझा हेतू होता. त्यात प्राप्तीचा अपमान करायचं माझ्या मनातही नव्हतं. ज्या घरात ती येणार, त्या घराच्या काही सवयी आहेत. तडजोड कुणीतरी करायची असतेच.

तू मात्र जणू आम्ही तुला आणि तुझ्या माणसांना कमी लेखतो, असं लिहिलंस. नाथा, वागळे इस्टेटमध्ये आपण एकतीस वर्षं एका बाकावर बसून जेवलो. मी प्रेसला लागूनच्या खोलीत स्टोअरकीपर, तू प्रेसवर. ऑफिसातली माणसं वेगळ्या खोलीत जेवायची, मी कधी गेलो का? मी तुझ्याच शेजारी बसलो. तुझ्या डब्याची मला एक दिवस तरी किळस आली का? तू आठवून सांग. आणि त्या माणसाला तू टोपलीवर फडकं टाकण्याच्या गोष्टी सांगतोस?

नकार द्यायचा तुझा अधिकार मला मान्य आहे. पण माझ्यावरच्या रागापायी पोरांचं मोडू नकोस. हेच मागणं.

त्र्यंबक

—

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
६ एप्रिल २०२५

त्र्यंबकराव यांस नाथाचा नमस्कार.

परवा खोपटला एसटीतून उतरलो. अंगाला अजून वाळू आहे. दोनदा आंघोळ केली, तरी कानातून निघतेच. आता जे लिहितो ते सावकाश वाचा, मध्येच ठेवू नका.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी एक घाण करून ठेवली. पत्र खिशात, डोकं तापलेलं, मी किनाऱ्यावर बसलो होतो. साकेत खूप आत गेलेला. बघता बघता त्याचा पतंग पाण्यावर आडवा पडला आणि परत उठेना. मग मला त्याचं डोकं दिसलं, लाटेवर वरखाली होणारं, आणि डोक्यावर ठेवलेला हात. हात तसाच. आमच्यात बाई डोक्याला हात लावते तेव्हा समजायचं, होडी गेली, माणूस गेला, आता काही राहिलं नाही. प्राप्ती पार दुसऱ्या टोकाला शिकवत होती. सखुबाईंचा मुलगा चांगदेव जवळच होडीतून जाळं ओढत होता. मी कमरेचा पंचा सोडून हलवला आणि ओरडत सुटलो, "पोरगा बुडाला! पोरगा बुडाला!" चांगदेवने जाळं हाताला येईल तसं होडीत कोंबलं, सगळा गुंता, आणि इंजिन सुरू केलं.

होडी पोचली तेव्हा तुमचा नातू आरामात दोऱ्या गुंडाळत होता. त्याने चांगदेवलाच विचारलं, "काय झालं? कोण बुडालं?"

डोक्यावर हात म्हणजे त्यांच्या खेळात "मी ठीक आहे" अशी खूण असते. किनाऱ्यावरून कोणी बघत असेल तर त्याने घाबरू नये म्हणून करतात. तो मलाच दाखवत होता! प्राप्ती म्हणाली, "आजा, तुझ्यासाठीच तर त्याने हात ठेवलेला. तू रोज किनाऱ्यावर घाबरून बसतोस ना." चांगदेवने सगळ्यांसमोर माझी लाज काढली. "म्हातारबा, कोळी म्हणवता आणि बुडणारा कोण, तरंगणारा कोण, ते कळत नाही? खाडीत काय चिंबोऱ्या मोजत होता?" खरंच आहे. मी खाडीतला, ती सोडून कारखान्यात गेलो. भर समुद्रात मी कधी गेलोच नाही.

जाळ्याचं काही करता आलं नाही. चांगदेवची दोन्ही माणसं हळदीला गेलेली. गुंत्यात तारली, खेकडे, काटेरी शिंगाळे, सगळं तसंच अडकून आवारात पडलं. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि वास सुटला. हिरव्या माश्या घोंगावायला लागल्या. वाऱ्याने तो वास गाडीत आणून भरला, अंथरुणात, पाण्यात, तोंडात. माझी चूक, म्हणून मी जाळ्यापाशी बसलो. पहिल्या शिंगाळ्याला हात लावला, तो पोट फुटून बोटांतून निसटला, आणि मला उमासे आले. मला, त्र्यंबकराव! बाजारात बसणाऱ्या बाईचा नवरा मी. मी उठलो आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, माडाखाली जाऊन बसलो. जिथे तुमचा नातू बसायचा, अगदी तिथे.

तेवढ्यात तो आला. नाकाला रुमाल बांधलेला. सखुबाई म्हणाल्या, "अरे बाबा, तू शाकाहारी, तू नको हात लावू."

तो म्हणाला, "मावशी, होडी माझ्यासाठी आलेली ना? मग जाळं मी सोडवतो."

बसला. पाच मिनिटांत उठून गाडीमागे जाऊन ओकला. चूळ भरून परत बसला. पुन्हा ओकला. तिसऱ्यांदा तर उठायलाही जमलं नाही. चांगदेव म्हणाला, "आता तुझी ओकारीपण जाळ्यातून सोडवायला लागेल!" सगळे हसले. तोही हसला, डोळ्यांत पाणी, मिशीवर नको ते. मला इतकी किळस आली की मी तोंड फिरवलं. पण फिरवलेलं तोंड किती वेळ ठेवणार? दुपारपर्यंत तो उठला नाही. बोटं काट्यांनी फाटली. शेवटी लाज वाटून मी जाऊन त्याच्यासमोर बसलो. प्राप्ती आली, तीही बसली.

माझ्या पोटात राहिलं नाही. मी म्हटलं, "एवढं सोसवतं, मग हिला मासे का सोडायला लावलेस?" तुम्ही लिहिलेलं होतं की त्याला ठाऊक नाही. पण मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्याने प्राप्तीकडे बघितलं. "कोणी लावले?"

तिने एक तारली सोडवून बाजूला टाकली.

"प्राप्ती, कोणी?"

"तुझ्या आईने विचारलं, मी हो म्हटलं. तुझ्या घरात मला नीट पाय ठेवायचा होता, बस."

त्याने एका खेकड्याची नांगी सोडवली. मग कोपराने गाडीकडे दाखवून म्हणाला, "माझं घर ते उभं आहे. त्यात शेगडीजवळ संडास चालतो, आणि तुझी सुरमई चालणार नाही होय?"

प्राप्ती हसायला लागली आणि मग रडायला लागली, आणि हात घाण असल्यामुळे तिला डोळे पुसता येईनात. शेवटी मीच माझ्या बाहीने पुसले.

मी त्याला विचारलं, "मग तू उठून का जायचास?"

"वास सोसत नाही, आजोबा. बघितलंतच आज. मी कधी खाणार नाही, आणि सवय होईल असंही वाटत नाही. पण ती का खात नव्हती, हे मला कळलं नाही. मी उठून जात होतो ना, म्हणून मला तिचं ताट दिसायचंच नाही. आता उठणार नाही."

मी त्याच संध्याकाळी हो म्हटलं. गाडीत बसून म्हटलं, संडासाच्या पडद्याशेजारी, कारण दुसरीकडे वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. गाडी मला अजून घाणच वाटते. तिच्यात पुन्हा पाय ठेवणार नाही. पण मुलगा मात्र तुम्ही चांगला दिलात.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. डब्याची एक दिवस तरी किळस आली का, आठवून सांग, असं लिहिलंत. आठवून सांगतो. मी कामाला लागलो त्या वर्षीची गोष्ट. मी सुक्या बोंबलाचं कालवण आणलेलं. तुम्ही काही बोलला नाहीत. डबा उचललात आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसलात. दुसऱ्या दिवशी परत माझ्या शेजारी. तुम्हाला ते आठवणारही नाही, कारण ते पुन्हा झालंच नाही. का झालं नाही? त्या रात्री मी बायकोला सांगितलं, उद्यापासून कामाच्या डब्यात फक्त भाजी-भाकरी. ती म्हणाली, "शेजारणी बघतात. कोळणीच्या चुलीवर भेंडीचा डबा! मी काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हण. सणाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा भाजी. साबणाने दोनदा हात धुऊन यायचो. एकतीस वर्षं तुमच्या शेजारी उघडला तो माझा डबा नव्हता, त्र्यंबकराव.

सगळा दोष तुमच्यावर घालत नाही. मी बोललो असतो तर तुम्ही काय केलं असतं, कोण जाणे. पण तुम्ही बाक बदलाल ही भीती होती, आणि ऑफिसचा माणूस माझ्या शेजारी बसतो याची मिजासही होती. मी माझ्या बायकोच्या हातच्या जेवणाला डब्यात जागा दिली नाही, याची मला आता स्वतःचीच किळस येते. ती गेली तेव्हाही हे मी तिला बोललो नाही. नातीने तेच करायला घेतलं तेव्हा मला दिसलं. म्हणून मी तुमच्यावर एवढा भडकलो. निम्मा राग माझ्यावरचा होता.

आता कामाचं. साखरपुडा हॉलमध्ये नाही. रविवारी २० एप्रिलला, सकाळी, माझ्या घरी. देवयानीबाई मला फोनवर "बघू" म्हणाल्या आहेत, साकेत त्यांच्याशी बोलतोय, तो त्यांचा त्यांचा प्रश्न. आमच्या घरातली रीत अशी की पहिल्या पंगतीला मुलीचा आजा आणि मुलाचा आजोबा शेजारी शेजारी बसतात. त्या दिवशी माझ्या ताटात मासा असेल. तुमच्या ताटात वरणभात असेल, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या शेगडीवर केलेला. प्राप्ती स्वतः करणार आहे. तुम्ही माशाला हात लावा असं मी म्हणत नाही, माझ्या ताटाकडे बघाही म्हणत नाही. फक्त माझं जेवण होईपर्यंत बसायचं.

जमणार नसेल तर तसं लिहा. लग्न अडणार नाही, पोरांना मी शब्द दिलाय. पण मग माझ्या शेजारच्या पाटावर दुसऱ्या कोणाला तरी बसवावं लागेल. मी दोन दिवस विचार करतोय, आणि मला दुसरं कोणी सुचत नाही.

तेव्हा हे पत्र हातात पडल्या पडल्या दोन ओळी लिहून टाका. आपण मशीनजवळ खडूने लिहायचो तसं नुसतं "येतो" लिहिलंत तरी चालेल. पोस्टमन आमच्या गल्लीत अकराच्या सुमाराला येतो. मी ओट्यावर बसून असेन.

तुमचा
नाथा